दोन तक्ते आणि सायलीचा गुडघा

ताई,

मी १९ वर्षांची आहे, तासगाव तालुक्यातली. कॉलेजकडून आणि गावच्या मंडळाकडून कबड्डी खेळते, डाव्या कोपऱ्यावर. पकड करताना डावा पाय मॅटवर अडकला आणि गुडघ्यात कटकन आवाज आला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत दोन हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटल्याचं निघालं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, त्याला आता सात आठवडे झाले. मांडीच्या मागची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून आत लावली आहे, असं डॉक्टर म्हणाले. गुडघ्यातल्या दोन हाडांमधल्या गादीलाही टाके घातलेत का, ते मला नीट माहीत नाही.

इथल्या फिजिओंनी सहा आठवडे लांब बेल्ट आणि वॉकर दिला होता, नव्वद अंशांच्या पुढे वाकवायचं नाही म्हणाले. बेल्ट आत्ता कुठे निघालाय. पळणं सहा महिन्यांनंतर, खेळाचं वर्षाने बघू, असं त्यांचं म्हणणं. माझ्या संघातल्या मैत्रिणीचं हेच ऑपरेशन पुण्यात झालं. तिला बेल्ट नव्हता, दुसऱ्या दिवसापासून पायावर वजन टाकायला लावलं, दोन आठवड्यांत सायकल, तीन महिन्यांत जॉगिंग, साडेपाच महिन्यांत ती मॅटवर होती. तिने तिचा व्यायामाचा तक्ता मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. आजी म्हणते, हाडवैद्याकडून तेल चोळून घे आणि गरम शेक दे.

माझा गुडघा अजून पूर्ण सरळ होत नाही. चालताना लंगडते. मांडी बारीक झाली आहे. रात्री गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं. विद्यापीठाच्या निवड चाचण्या ऑपरेशनपासून पाचव्या महिन्यात आहेत. सर म्हणतात, नी-कॅप घालून ये, नाव तरी लागू दे. कुस्तीपटू विनेश फोगाटही गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वर्षाच्या आत ऑलिंपिकला गेलीच ना? फिजिओकडे जायला एसटीने तास लागतो आणि दर वेळी पैसे. घरीच व्हिडिओ बघून केलं तर चालेल का? आणि कुणाचा तक्ता बरोबर?

– सायली (नाव बदलले आहे)

* * *

प्रिय सायली,

तुझं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटली, ते आधी सांगते, कारण त्यावर याच आठवड्यात काम सुरू व्हायला हवं. निवड चाचणी नंतर. सात आठवडे झाले तरी तुझा गुडघा पूर्ण सरळ होत नाही, ही खरी काळजीची गोष्ट आहे. तू ती पत्रात एका ओळीत उरकलीस. माझ्या टेबलावर मात्र हाच कागद सगळ्यात वर असता.

आज रात्री उशी काढून टाक. उशी घेतल्यावर बरं वाटतं, कारण सुजलेल्या गुडघ्याला थोडं वाकून राहायला आवडतं. पण रात्रभर वाकलेला राहिला, की मागचं आवरण आखडतं आणि पुढच्या बाजूला आत जखमेची गाठ तयार व्हायला वाव मिळतो. अशी गाठ एकदा घट्ट झाली, की व्यायामाने हटत नाही. मग पुन्हा दुर्बीण घालून ती काढावी लागते. शिवाय गुडघा सरळ न होणाऱ्या पायाने चालताना प्रत्येक पाऊल लंगडतं, वाटीवर जास्तीचा दाब येतो आणि मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळलाच जात नाही. तुझी मांडी बारीक झाली आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

किती कमी पडतंय ते स्वतः बघ. पलंगावर पालथी झोप, मांड्या गादीवर आणि गुडघ्यापासून खालचे दोन्ही पाय काठाबाहेर. पाय सैल सोड. आईला मागून बघायला सांग, दोन्ही टाचा एका उंचीवर आहेत का. डावी टाच वर राहिली, तर ती उजवीपेक्षा किती सेंटिमीटर वर आहे ते पट्टीने मोजून वहीत लिही. हा आकडा शून्यावर आणणं, हे तुझं पहिलं काम.

त्यासाठी दिवसातून चार-पाच वेळा जमिनीवर पाय पसरून बस, टाचेखाली अंघोळीचा टॉवेल घट्ट गुंडाळून ठेव आणि गुडघ्याखाली काहीही ठेवू नकोस. दहा मिनिटं पाय तसाच राहू दे. मागे ताण बसेल, थोडं दुखेल, ते चालेल. त्याच स्थितीत मांडीचा पुढचा स्नायू आवळ, गुडघा जमिनीकडे दाब, पाच-सहा आकडे मोज, सोड. वाटीवर बोट ठेवलंस तर ती मांडीकडे सरकल्याचं जाणवलं पाहिजे. सरकत नसेल, तर स्नायू जागा झालेला नाही. ऑपरेशननंतर गुडघ्यात पाणी आणि सूज असली, की मेंदूकडून या स्नायूला जाणारा हुकूमच अडवला जातो. मुलगी जीव तोडून प्रयत्न करते आणि मांडी हलत नाही, हे मी रोज बघते. ती आळशी नसते. अशा वेळी स्नायूला विजेचे हलके झटके देणारं यंत्र उपयोगी पडतं. तुझ्या फिजिओंकडे ते असेल, तर मागून घे.

हे सगळं करतानाच ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना येत्या आठवड्यात दाखव. 'पुढच्या महिन्यात फॉलोअप आहेच' असं म्हणून थांबू नकोस. सरळ होण्यातली कमतरता लवकर पकडली तर व्यायामाने सुटते, तीन-चार महिन्यांनी पकडली तर अवघड जातं.

जाताना डिस्चार्ज कार्ड बरोबर ने आणि ऑपरेशनची नोट मागून घे. तो तुझा कागद आहे, मागायला संकोच करायचं कारण नाही. त्यात तीन गोष्टी शोध: शीर कुठली लावली, गादीला टाके घातले की तिचा तुकडा नुसता कापून काढला, आणि दुसऱ्या एखाद्या लिगामेंटवर काही केलं का. 'कुणाचा तक्ता बरोबर' या तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या कागदात आहे. गादी शिवलेली असेल, तर पहिले चार-सहा आठवडे नव्वदच्या पुढे वाकवू न देणं, बेल्ट लावणं, वजन जपून टाकायला लावणं हे सगळं योग्यच होतं आणि तुझ्या फिजिओंनी टाके वाचवले, असंच मी म्हणेन. मैत्रिणीची गादी शाबूत असेल, तर तिला तो नियम लागूच नव्हता. दोघींचं ऑपरेशन एकाच नावाचं, पण आतलं काम वेगळं. असं असताना एकीचा तक्ता दुसरीने उचलणं धोक्याचं आहे, मग तो पुण्याहून येवो नाहीतर परदेशातून.

आता समज, गादीला टाके नव्हते आणि नुसतं एसीएल केलं. तरीही हे दोन तक्ते शेजारी-शेजारी ठेवून मी सरळ सांगेन: तुझा तक्ता जिथे वेगाने जायला हवं तिथे हळू गेला आणि मैत्रिणीचा तक्ता जिथे थांबायला हवं तिथे धावला. सुरुवात तिची चांगली, शेवट तुझ्या फिजिओंचा चांगला.

हे माझ्या मनाचं नाही. १९७०-८०च्या काळात एसीएलचं ऑपरेशन झालं, की पाय किंचित वाकवून काही आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवत. शीर जपली जायची, पण गुडघा आखडायचा आणि मांडी काडी व्हायची. अमेरिकेत इंडियानापोलिसला शेलबोर्न नावाच्या सर्जनच्या लक्षात आलं, की सांगितलेलं न ऐकता लवकर चालू-फिरू लागलेल्या पेशंटचे गुडघे उलट चांगले निघतायत आणि लावलेली शीरही सैल पडत नाहीये. मग १९९० साली त्याने नीट्झ या फिजिओबरोबर नवा कार्यक्रम छापला: पहिल्या दिवसापासून पाय पूर्ण सरळ, झेपेल तेवढं वजन, लवकर हालचाल. आज जगभर पहिल्या सहा आठवड्यांत जे करून घेतात, त्याचा पाया तिथे आहे. नुसतं एसीएल केलेल्या पेशंटला सरसकट बेल्ट लावून गुडघा जास्त स्थिर होतो किंवा कमी दुखतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं नाही. आपल्याकडे बेल्ट अजून सर्रास देतात. त्यामागे बऱ्याचदा पेशंट घरी जाऊन पडेल, घसरेल ही भीती असते. ती भीती मला समजते. पावसाळ्यात शेणाने सारवलेल्या अंगणातून वॉकर घेऊन चालणाऱ्या पेशंटचा विचार डॉक्टरला करावाच लागतो. पण बेल्टच्या आत पाय सरळ ठेवण्याचा आणि मांडी आवळण्याचा व्यायाम रोज व्हायलाच हवा होता. तो झाला नसावा, असं तुझ्या पत्रावरून वाटतं.

दोन वेगांची थेट तुलनाही झालेली आहे. व्हरमाँट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली निकाल छापले. पेशंट थोडे होते, पण कोणाला कुठला कार्यक्रम मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. एका गटाने तेच व्यायाम १९ आठवड्यांत पुरे केले, दुसऱ्याने ३२ आठवड्यांत. दोन वर्षांनी गुडघ्याच्या सैलपणात दोन्ही गटांत फरक नव्हता. मात्र त्या सगळ्यांना वाटीखालची शीर हाडाच्या तुकड्यासकट लावलेली होती. ती हाडाला हाड चिकटून लवकर धरते. तुझी मांडीमागची शीर आहे. ती हाडाच्या बोगद्यात धरायला जास्त वेळ घेते. स्वीडनमध्ये २००७ साली झालेल्या एका अभ्यासात खुर्चीत बसून पाय झाडून वजन उचलण्याचा व्यायाम चौथ्या आठवड्यापासून दिला, तेव्हा मांडीमागची शीर लावलेल्यांचे गुडघे जास्त सैल झाले. वाटीखालची शीर लावलेल्यांचे तसे झाले नाहीत. म्हणून मैत्रिणीच्या तक्त्यातला जिमच्या मशीनवर पाय सरळ करत वजन उचलायचा व्यायाम तू जसाच्या तसा घेऊ नकोस. तो मुळीच नको असं नाही, कारण मांडी भरून यायला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं फार थोडं आहे. पण सुरुवातीला नव्वद अंशापासून पंचेचाळीसपर्यंतच, कमी वजनाने आणि फिजिओच्या डोळ्यांसमोर. उरलेलं काम भिंतीला पाठ टेकवून अर्धं खाली बसणं, पायरी चढणं-उतरणं, खुर्चीवरून उठणं यातून होईल.

आणखी एक: मांडीमागची शीर जिथून काढली, ती जागाही भरून येत असते. पालथं झोपून वजन बांधून पाय मागे दुमडायचा व्यायाम इतक्यात नको. खाली वाकून झटक्याने बूट ओढताना मांडीच्या मागे कटकन होऊन काळं-निळं पडलेल्या मुली माझ्याकडे येतात. ते बहुतेक वेळा आपोआप बरं होतं, पण दोन आठवडे वाया जातात.

व्यायाम जास्त झाला की कमी, हे तक्त्यावरून कळत नाही. गुडघा सांगतो. रोज सकाळी उठल्या-उठल्या पाय लांब करून वाटीच्या आतल्या बाजूने तळहाताने वर, मांडीकडे, दोन-तीनदा हलकेच पूस. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा पूस आणि आतल्या बाजूच्या खळग्याकडे बघ. पाण्याची लाट परत आली, तर आत पाणी आहे. काल नव्हती आणि आज आली, तर कालचा व्यायाम जास्त झाला. एक दिवस निम्मा कर, बर्फ पंधरा-वीस मिनिटं लाव, कातडीवर थेट नको, पंच्यात गुंडाळून. ही लाट आहे तोवर उड्या आणि पळणं सुरू करायचं नाही, मग कॅलेंडर काहीही म्हणो.

आजीला माझा नमस्कार सांग. तिचा जीव तुटतो म्हणूनच ती तेल घेऊन बसते. पण सूज असलेल्या गुडघ्याला गरम शेक दिला तर सूज वाढते, आणि आत नवीन शीर बसवलेला गुडघा कोणी पिळून-मुरगळून चोळला तर नुकसान होतं. हाडवैद्याला या गुडघ्याला हात लावू द्यायचा नाही, इथे मी ठाम आहे. आजीला काही करायचंच असेल, तर जखमेचे व्रण पूर्ण भरल्यावर त्यांच्यावरून थोडं खोबरेल बोटाने गोल-गोल फिरवू दे. व्रण मऊ राहतात. आणि पथ्याच्या नावाखाली कोणी तुझं जेवण तोडलं असेल, तर ते आधी थांबव. वांगं, आंबट, भात यांनी गुडघ्यात काही होत नाही. मांडी परत यायची तर प्रथिनं लागतात: अंडी, डाळ, उसळ, दूध, शेंगदाणे, घरात चालत असेल तर मासे-चिकन, आणि रोज, प्रत्येक जेवणात.

एसटीचा आणि पैशाचा प्रश्न खरा आहे. कॅनडात कॅलगरीला पेशंटना दोन गटांत वाटून बघितलं. पहिल्या तीन महिन्यांत एका गटाला फिजिओकडे १७ भेटी, दुसऱ्याला फक्त ४, बाकी व्यायाम घरी. घरी करणारे मागे पडले नाहीत. म्हणून घरी करणं हा दुय्यम उपाय आहे असं समजू नकोस. पण त्या चार भेटी होत्या, हे विसरू नकोस. नुसता व्हिडिओ बघून तुझी टाच किती वर राहते हे व्हिडिओला दिसत नाही. आत्ता सरळ होण्याचा प्रश्न आहे तोवर आठवड्यातून एकदा जा. तो सुटला की दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुरेल. फिजिओंना स्पष्ट सांग, 'मला रोज येणं परवडत नाही, पुढच्या तीन आठवड्यांचं काम लिहून द्या आणि तेवढं झालं का ते मोजून बघा.' चांगला फिजिओ यावर रागावत नाही. जाता-येता एसटीत तासभर पाय दुमडून बसू नकोस. पाय पसरता येईल अशी जागा कंडक्टरकडे माग, आणि तीही नाही मिळाली तर मध्येमध्ये उभी राहा.

आता चाचणीचं. मला माहीत आहे, पत्र तू त्यासाठीच लिहिलंस.

पाचव्या महिन्यात चाचणीला जाऊ नकोस. नी-कॅप घालून नाही, 'फक्त नाव लागू दे' म्हणून नाही, अर्ध्या जोराने नाही.

तुझ्या बाबांची द्राक्षबाग असेल, किंवा शेजारच्यांची तरी असेलच. डॉगरिजच्या खुंटावर कलम केल्यावर डोळा फुटतो, पानं हिरवीगार होतात. म्हणून त्याच हंगामात कोणी त्याच्यावर घड धरत नाही. आधी खोड आणि ओलांडे, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांद्या, तयार होऊ देतात. तुझ्या गुडघ्यातली शीर आत्ता त्याच अवस्थेत आहे. शरीरातून काढून दुसरीकडे बसवल्यावर तिचा रक्तपुरवठा तुटतो, आतल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि हळूहळू ती नव्याने विणली जाते. हे काम वर्षभर आणि त्यापुढेही चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या आसपास ती सगळ्यात नाजूक असते, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, चाल सुधारलेली असते, मुलीला वाटतं आपण बऱ्या झालो. पाचव्या महिन्यात तुला छान वाटेल. छान वाटणं आणि शीर तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एका गटाने २०१६ साली छापलेला अभ्यास मी प्रत्येक खेळाडूला सांगते. अशा ऑपरेशननंतर खेळाकडे परतलेल्यांना दोन वर्षं बघितलं. खेळायला सुरुवात जितके महिने लांबवली, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण निम्म्याने उतरत गेलं, आणि हे नवव्या महिन्यापर्यंत. त्यानंतर आणखी थांबून फारसा फायदा दिसला नाही. ज्यांनी ताकदीच्या आणि उडीच्या चाचण्या पास न करता खेळायला सुरुवात केली, त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली. पास करून गेलेल्यांत ५.६ टक्क्यांना. पंचविशीच्या आतले जे खेळाडू मैदानात परततात, त्यांच्यात साधारण चारातल्या एकाचं एसीएल पुन्हा तुटतं, त्याच गुडघ्याचं किंवा दुसऱ्या. तू १९ वर्षांची आहेस, मुलगी आहेस (मुलींमध्ये या दुखापतीचं प्रमाण मुळातच जास्त असतं), आणि कोपरा खेळतेस. कोपऱ्यावरची मुलगी म्हणजे चढाईपटूचा घोटा पकडायला एका पायावर झेप, आणि तो निदानरेषेकडून (चढाईत ओलांडावीच लागते ती रेघ) उलटा फिरला की तुझाही गुडघा त्याच क्षणी फिरणार. या खेळात या जागेइतका एसीएलवर ताण आणणारी जागा क्वचितच असेल.

विनेशचं उदाहरण तू दिलंस, ते खरं आहे. १७ ऑगस्ट २०२३ ला मुंबईत तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एप्रिल २०२४ ला बिश्केकमध्ये तिने ऑलिंपिकचा कोटा मिळवला आणि ऑगस्टमध्ये पॅरिसला अंतिम फेरी गाठली. मला तिच्याबद्दल अपार आदर आहे. पण ती तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होती, वर्षानुवर्षं कमावलेली ताकद होती, आणि ऑलिंपिक तिच्यासाठी थांबणार नव्हतं. तो धोका तिने ओळखून पत्करला. आणि कोट्याची ती स्पर्धा ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी होती, पाचव्या महिन्यात नाही. दुसरं टोक बघ: डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर ऋषभ पंतचं मुंबईत लिगामेंटचं ऑपरेशन झालं. त्याची दुखापत खूप मोठी होती, पण सगळ्या सोयी हाताशी असूनही तो मार्च २०२४ मध्ये आयपीएलला उतरला. तुला विद्यापीठाची चाचणी पुढच्या वर्षी पुन्हा आहे, त्याच्या पुढच्या वर्षीही आहे.

तुझी मैत्रीण साडेपाच महिन्यांत उतरली आणि तिला काही झालं नाही, याचा मला आनंद आहे. तिलाही माझा निरोप दे: दोन वर्षं व्हायची आहेत, तोवर मांडीचा व्यायाम सोडू नकोस.

नऊ महिने हा किमान आकडा धर, आणि तुझ्या वयाला बारापर्यंत गेलं तरी मी तक्रार करणार नाही. पण नुसते महिने भरून उपयोग नाही. जॉगिंग तीन महिन्यांच्या आधी नाही. तेही गुडघ्यात पाणी नसेल, पाय पूर्ण सरळ असेल, लंगडणं गेलं असेल आणि खुर्चीवरून एका पायावर सलग दहा वेळा तोल न जाता उठबस करता येत असेल, तरच. पाच-सहा महिन्यांपासून उड्या: आधी दोन पायांवर, मग एका पायावर. गावच्या मैदानावर खडूने रेघ मार, टेप लाव, उजव्या पायावर एक लांब उडी, मग डाव्यावर. तीन सलग उड्याही. डाव्याचं अंतर उजव्याच्या किमान ९० टक्के हवं. यात एक फसवणूक आहे, ती लक्षात ठेव. मुलगी खुबा आणि घोट्याच्या जोरावर अंतर भरून काढते आणि गुडघा काम करतच नाही. म्हणून मैत्रिणीला समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांग. उतरताना गुडघा आत कोसळतो का, अंग एका बाजूला झुकतं का, तू ताठ पायावर धपकन उतरतेस का, ते बघ. आणि मांडीची ताकद वेगळी मोजून घे. सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या फिजिओथेरपी कॉलेजात किंवा मोठ्या केंद्रात ती यंत्रावर मोजण्याची सोय आहे का, ते फिजिओंना विचार. वर्षातून दोनदा तेवढा खर्च करावा असं मी आग्रहाने सांगेन. बेल्ट, पट्ट्या, तेलं यांवर जाणारे पैसे तिथे वळव.

मॅटवर परतताना आधी एकटीने पदलालित्य, मग सांगून होणाऱ्या चढाईसमोर, मग न सांगता होणाऱ्या, मग एकास एक घोट्याची पकड, आणि शेवटी साखळीत. प्रत्येक टप्प्याला दोन-तीन आठवडे. या काळात भीती वाटेल. पाय टाकताना मन कचरेल. ती भीतीही मोजायची गोष्ट आहे, तुझ्या फिजिओंना मोकळेपणाने सांग, कारण घाबरत खेळणारी मुलगी उशिरा वळते आणि चुकीची उतरते.

सरांशी बोलायला जड जात असेल, तर सर्जनकडून एका ओळीचं पत्र घे, 'नऊ महिन्यांआधी संपर्काचा खेळ नाही'. सरांना तुझं वाईट करायचं नाही. त्यांना संघ उभा करायचा आहे आणि नी-कॅपवर त्यांचा विश्वास आहे. नी-कॅपने गुडघ्याला ऊब मिळते आणि धीर येतो. आत फिरणारा गुडघा ती थांबवू शकत नाही. तेही त्यांना सांग. संघात राहा, सरावाला जा, समोरच्या चढाईपटूंच्या सवयी वहीत लिही. डाव्या कोपऱ्याला ते ज्ञान पुढे फार कामी येतं.

मांडी घालून बसणं आणि भारतीय शौचालय तू विचारलं नाहीस, पण घरात तो प्रश्न येणारच. पूर्ण खाली बसणं साधारण चार महिन्यांपर्यंत नको, आणि गादी शिवली असेल तर सर्जनने सांगितल्याशिवाय नाहीच. तोवर शौचालयावर ठेवायची खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते, काही ठिकाणी भाड्यानेही.

आणि हे दाराच्या मागे लिहून लाव: पोटरी दुखून टणक झाली, एकच पाय खालून सुजला, ताप येऊन गुडघा लाल-गरम झाला, जखमेतून पाणी आलं, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अशा वेळी एसटीची वाट बघत बसू नकोस. शेजारच्या कोणाचीही गाडी काढायला लाव, आणि दम किंवा छातीचा प्रश्न असेल तर थेट १०८ ला फोन कर.